चार रकाने आणि कोपऱ्यातली खाट

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मला एका प्रशिक्षण शिबिराला बसवलं. शिकवणारा तरुण टाय लावून आला होता. त्याने फळ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली, चार घरं केली आणि या पद्धतीला 'स्वॉट' म्हणतात असं सांगितलं. आपली ताकद, आपल्या उणिवा, हाताशी असलेल्या संधी आणि समोरचे धोके, हे सगळ्यांनी मिळून चार घरांत लिहायचं, म्हणजे वॉर्डातली सेवा कशी सुधारायची ते आपोआप दिसतं, असं त्याचं म्हणणं. 'आपोआप' ऐकून मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी खोकल्याचं सोंग केलं.

हे चार रकाने मी एकविसाव्या वर्षी पाहिले होते. परळच्या एका इस्पितळात, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात, मी तिसऱ्या वर्षाची प्रोबेशनर, म्हणजे शिकाऊ नर्स, होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी, आणि आमच्या हॉस्टेलच्या खिडकीखालून रोज सकाळी घोषणा देत प्रभातफेरी जायची. आम्ही केसांना पिना लावता लावता ऐकायचो आणि सातच्या ठोक्याला वॉर्डात हजर व्हायचो. मुंबई कुणाची हे ठरायचं होतं; आमच्या बायकांची पाठ पुसायची मात्र ठरलेलीच होती.

वॉर्डाच्या अगदी टोकाला, कोपऱ्यातल्या खाटेवर लालबागची एक बाई होती. गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला. घरात पोटमाळ्यावरून भांडी काढताना शिडीवरून पडली आणि कण्याला मार बसला. कमरेखाली तिला काही कळत नसे, पाय हलत नसत. अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, पाठ स्पिरिटने चोळून पावडर लावावी लागते, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते. नाहीतर एकाच जागी दाब पडून कातडी मरते आणि जखम होते. शिवाय जिथे जखम होते तिथे तिला दुखतच नाही, त्यामुळे ती ओरडणार नाही. तिच्या वतीने आपणच बघायचं असतं. हे मला पहिल्या वर्षात शिकवलं होतं आणि त्या पेपरात मला चांगले मार्क होते.

वळवायचं काम दोघींचं, एक नर्स आणि एक आया. आमच्या वॉर्डातल्या आयेला सगळ्या मावशी म्हणत. मालवणकडची, विधवा, भोइवाड्यात एका खोलीत राहणारी. एकोणीस वर्षं ती त्याच वॉर्डात होती. लिहितावाचता येत नव्हतं, पण कुठल्या पेशंटने किती घास खाल्ले हे ती चार दिवसांनीही बिनचूक सांगे. मला ती 'बाय' म्हणायची आणि माझा चहा सगळ्यांच्या आधी आणून ठेवायची. का, ते मी कधी विचारलं नाही. लाड होत असले की माणूस कारण विचारत नाही.

आता आमच्या वॉर्डाची एक रीत सांगायला हवी. कोपऱ्यातल्या बाईसारख्या पेशंटच्या खाटेला पाठीचा तक्ता अडकवलेला असे. आठ, दहा, बारा, दोन अशा वेळांची घरं. वळवलं की त्या घरात खूण करायची आणि पुढे आपली आद्याक्षरं. सगळ्या नर्सच्या मुख्य मेट्रनबाईंचा राउंड कधी येईल याचा नेम नसे. तक्त्यात रिकामं घर दिसलं की त्या सगळ्या वॉर्डासमोर झाडत. काम झालेलं असो वा नसो, रिकामं घर म्हणजे गुन्हा. म्हणून आम्ही सकाळी सातला ड्यूटीवर आलो की दुपारपर्यंतची सगळी घरं एका दमात भरून टाकायचो आणि मग कामाला लागायचो. यात कुणाला काही खोटं वाटत नव्हतं, कारण काम आम्ही खरंच करायचो. सीनियर मुलींनी आम्हाला शिकवलं, आम्ही ज्युनियर मुलींना शिकवलं.

हरताळाच्या एका दिवशी मी अशीच सातला चारही घरं भरली. ट्राम बंद होत्या, त्यामुळे बाहेर राहणाऱ्या स्टाफ नर्स आल्याच नाहीत. हॉस्टेलच्या आम्ही तेवढ्या होतो. साडेनवाच्या सुमाराला नाक्यावर लाठीमार आणि गोळीबार झाला आणि जखमी यायला लागले. आम्हा प्रोबेशनरांना खालच्या पुरुषांच्या वॉर्डात पिटाळलं. अश्रुधुराने डोळे सुजलेली माणसं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी एकामागून एकाचे डोळे धूत होते, फुटलेल्या डोक्यांवर बँडेज बांधत होते. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी फार मोठं वाटत होतं. आपण काहीतरी इतिहासातलं काम करतो आहोत असं वाटत होतं.

दुपारी एकच्या सुमाराला मावशी जिना उतरून आली. तिने माझी बाही ओढली.

"बाय, कोपऱ्यातल्या बायची पाठ लाल झाली हा. जरा येवन बघ."

"येते हं मावशी, पाच मिनिटांत," मी म्हटलं.

ती उभी राहिली. मी पुढच्या माणसाकडे वळले. थोड्या वेळाने पाहिलं तर ती गेलेली होती.

ड्यूटी संपता संपता मी वर आले. पाय भरून आले होते. वॉर्डाच्या दारातून मला कोपऱ्यातली खाट दिसली आणि खाटेला अडकवलेला तक्ताही दिसला. चारही घरं भरलेली आहेत आणि पुढे माझी आद्याक्षरं आहेत, हे मला ठाऊकच होतं. ते बघून मला काम झाल्यासारखंच वाटलं. यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तसं वाटलं. मी हॉस्टेलवर जाऊन झोपले.

पुढचे दोन दिवस संचारबंदीत गेले, माणसं अपुरी, सगळीच ओढाताण. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी राउंडला तिला कुशीवर करायला सांगितलं. माकडहाडावर रुपयाएवढी कातडी गेली होती. डॉक्टर मेट्रनबाईंकडे बघत राहिले. मेट्रनबाईंनी तक्ता काढून वाचला. तिन्ही दिवसांचं एकही घर रिकामं नव्हतं. म्हणजे नर्सने वळवलं आहे. मग जखम झाली ती ओल्या चादरीमुळे, आणि चादर बदलायचं काम आयेचं. हिशोब इतका सरळ होता की मला स्वतःलाही क्षणभर तो पटला.

"शनिवारपर्यंत मला लेखी पाहिजे," मेट्रनबाई आमच्या सिस्टरना म्हणाल्या, "आयेचा हलगर्जीपणा असेल तर तिला काढायचं."

त्या दिवशी मंगळवार होता. मावशी दोन खाटांपलीकडे बेडपॅन घेऊन उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

आमच्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, नगरकडच्या ख्रिस्ती बाई. उंच, सावळ्या, बोलायला कमी. त्या लगेच काही लिहायला बसल्या नाहीत. गुरुवारी दुपारी अडीचला, पेशंट जेवून पडले होते आणि भेटायला येणाऱ्यांची वेळ अजून झालेली नव्हती, तेव्हा त्यांनी आम्हा पाचजणींना लिननच्या, म्हणजे धुतलेल्या चादरींच्या, खोलीत बोलावलं. दोन स्टाफ नर्स, तीन प्रोबेशनर. जुन्या टेम्परेचर चार्टांच्या कोऱ्या बाजू एकमेकींना चिकटवून त्यांनी एक मोठा कागद केला होता आणि त्यावर चार रकाने आखले होते. आपल्याला काय चांगलं येतं. आपलं कुठे चुकतं. काय मिळवता येईल. कशाची भीती आहे.

"शनिवारी मी हा कागद घेऊन जाणार," त्या म्हणाल्या. "एका माणसाचं नाव घेऊन जायच्या आधी मला सगळा वॉर्ड बघायचाय. चिठ्ठ्या लिहा. नावं घालू नका."

आम्ही लिहिलं. चिठ्ठ्या एनॅमलच्या भांड्यात टाकल्या. सिस्टर एकेक काढून वाचायला लागल्या. चांगलं काय येतं, यात कुणीतरी 'सिस्टरांची शिस्त' असं लिहिलं होतं. ती चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. "मला लोणी नको," म्हणाल्या. 'जखमींची ड्रेसिंग' लिहिलेली निघाली, 'एकी' निघाली. चुकतं कुठे, या रकान्यात चादरी कमी, माणसं कमी, स्पिरिट पाणी घातलेलं येतं, पडदे फाटके. काय मिळवता येईल, यात एकीने चांगलं लिहिलं होतं: कोपऱ्यातल्या बाईची सासू रोज दुपारपासून बाहेर बाकावर बसून असते, तिला वळवायला शिकवावं. सिस्टरनी ते मोठ्या अक्षरांत उतरवलं. भीतीच्या रकान्यात एक चिठ्ठी निघाली, 'मेट्रनबाई'. आम्ही सगळ्या हसलो. सिस्टरही हसल्या आणि त्यांनी तिथे 'राउंड' असं लिहिलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चुकतं कुठे, या रकान्यात सगळं दुसऱ्यांचं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "चादरी कमी असतात तो स्टोअरचा दोष. आपण काय चुकतो?"

खोलीत स्टार्चचा वास येत होता. माझी एक जोडीदारीण होती, माझ्याच बॅचची, वरळीची. ती आमच्यात सगळ्यात फटकळ. ती म्हणाली, "सिस्टर, आपण तक्ता सकाळीच भरतो. राउंडच्या भीतीने. हे लिहा की."

सिस्टरनी लिहिलं. हात जरा थांबला, पण लिहिलं. कागदावर आल्यावर ते फारच उघडं दिसत होतं. मग तीच मुलगी पुढे म्हणाली, "आणि मावशी कुठाय? पाठी तर ती वळवते. आपण पाचजणी इथे बसून काय ठरवतोय?"

आयांना नर्सच्या बैठकीत बोलवायची पद्धत नव्हती. ती आमच्यातल्या कुणालाच खटकली नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं," आणि स्वतः उठून मावशीला घेऊन आल्या. स्टूल पुढे केलं तरी ती बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर डोक्यावर सारखा केला.

सिस्टरनी विचारलं, हरताळाच्या दिवशी काय झालं.

"तुमी सगळी खाली गेल्लात. मी एकटीच होतंय," मावशी म्हणाली. "दोनदा कुशीर परतली मी तिका. चादर बदलली. तिसऱ्या खेपेक माझ्यान उचलना नाय."

"पाठ लाल दिसली होती का?"

"दिसली."

"मग कुणाला सांगितलंत?"

मावशी आपल्या हातांकडे बघत होती.

"सांगूक थय कोण होता?" ती म्हणाली. "कोणाक नाय सांगलंय."

ती खोटं बोलली, आणि ते मला एकटीलाच माहीत होतं. पाठ लाल दिसूनही कुणाला सांगितलं नाही, हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल करून टाकलं होतं. तिला काढायला आता एवढं पुरे होतं. सिस्टरनी डोळे मिटले आणि उघडले. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं, चार शब्द बोलायचे. मी शेजारच्या चादरींच्या घड्या मोजत बसले. अठरा होत्या.

बैठक मोडल्यावर मी तिला मोरीपाशी गाठलं. ती रबरी शीट घासत होती.

"मावशी, असं का सांगितलंत? तुम्ही आला होतात ना माझ्याकडे."

"तुजी परीक्षा आसा मा?" ती म्हणाली. वर बघितलंही नाही. "माजा काय, मी खयय भांडी घाशीन. तू जा आता."

परीक्षा तीन आठवड्यांवर होती, हे खरं. आणि मेट्रनबाईंचं वर्तनाचं सर्टिफिकेट असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे, हेही खरं. आमच्या घरात मला नर्सिंगला पाठवणं कुणालाच पसंत नव्हतं. वडिलांनी तीन वर्षांची मुदत घातली होती, तीन वर्षांत पास हो, नाहीतर घरी ये आणि आम्ही बघू त्या मुलाशी लग्न कर. हे मावशीला मीच चहा पिताना केव्हातरी सांगितलं होतं.

त्या दिवशी माझी अर्धी सुट्टी होती. ट्रामने गिरगावात घरी गेले. घरात उत्सव होता. माझा भाऊ सत्याग्रहात पकडला जाऊन सुटून आला होता. मनगट सुजलं होतं, आई त्याला गरम शिरा वाढत होती. वडील, एरवी ऑफिसातून आले की कुणाशी न बोलणारे, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते की इन्स्पेक्टरने विचारलं, दगड कुणी मारला, तर आमच्या मुलाने मारला नव्हता तरी इतरांवर ढकललं नाही, छातीठोक उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मी शिरा चिवडत बसले. आईला वाटलं मला भावाचा हेवा वाटतोय, आणि तिने माझ्या ताटात आणखी एक डाव घातला. मला माझी स्वतःची किळस आली. मी सात वाजायच्या आत परत निघाले.

शुक्रवारी सकाळी ड्यूटीच्या आधी सिस्टरच्या टेबलापाशी उभी राहून मी सगळं सांगितलं. बाही ओढली ते, पाच मिनिटं म्हटलं ते, दारातून तक्ता बघून निघून गेले ते.

सिस्टर म्हणाल्या, "काल तिच्यासमोर बोलली असतीस तर मला तुझा अभिमान वाटला असता. आज मला तुला फक्त वर मेट्रनबाईंकडे घेऊन जाता येईल."

हे मला लागलं, आणि लागावं असंच त्यांनी म्हटलं होतं. शनिवारी आम्ही दोघी मेट्रनबाईंच्या खोलीत गेलो. सिस्टरनी तो कागद टेबलावर पसरला. मेट्रनबाईंनी चष्मा लावून चारही रकाने वाचले. भीतीच्या रकान्यातला 'राउंड' वाचताना त्यांचा चेहरा हलला नाही. माझं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तक्ता आधी भरायला तुम्हाला शिकवलं कुणी?"

"माझ्या वॉर्डात चालतं ते मीच चालू दिलं," सिस्टर म्हणाल्या. "मला माझ्या सिस्टरने शिकवलं होतं. याच इस्पितळात."

मेट्रनबाईही याच इस्पितळात शिकलेल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मावशीची नोकरी राहिली. माझं सर्टिफिकेट रोखलं गेलं. सहा महिन्यांनी पुढची परीक्षा. वडिलांना मी पत्र लिहिलं आणि खरं तेच लिहिलं. ते स्वतः हॉस्टेलवर आले, व्हिजिटर्सच्या बाकावर बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सहा महिने वाढवून दिले. दरम्यान घरच्यांनी बघून ठेवलेला मुलगा मात्र तेवढं थांबायला तयार नव्हता, त्याबद्दल मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

कोपऱ्यातल्या बाईची जखम भरायला दीड महिना लागला. तिच्या सासूला आम्ही वळवायला शिकवलं. म्हातारी आमच्यापेक्षा नेटकी निघाली, चादरीची सुरकुती तिला खपत नसे. पाय काही हलले नाहीत, पण पाठ धड घेऊन ती घरी गेली. आणि तक्त्याची रीत बदलली. सकाळी घरं भरायची नाहीत. वळवून झालं की नर्सने खाटेशी उभं राहून लिहायचं, आणि पुढच्या घरात आयेने स्वतःची खूण करायची, म्हणजे दोघींनी मिळून केल्याचं कळेल. मेट्रनबाईंनी राउंडला रिकाम्या घराबद्दल झाडायचं बंद केलं. निदान आमच्या वॉर्डात तरी केलं.

नवा तक्ता लागला त्या सोमवारी दहा वाजता मी आणि मावशीने कोपऱ्यातल्या बाईला डाव्या कुशीवर केलं, पाठ चोळली, चादर ताणली. मावशीने सकाळी माझा चहा सगळ्यांच्या आधी आणून ठेवला होता, 'बाय' असंही म्हणाली होती. मला वाटलं, झालं गेलं ते मिटलं. मी तक्त्यात लिहिलं, पुढे आद्याक्षरं घातली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिला फक्त एक छोटं वर्तुळ काढायचं होतं.

तिने पेन्सिल घेतली आणि तशीच उभी राहिली. मग पलीकडच्या खाटेशी काम करणाऱ्या माझ्या जोडीदारणीला तिने हाक मारली.

"गे, हय ये जरा. ह्या बायन काय लिवलां हा ता माका वाचून दाखव."

ती आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "दहा वाजता, डाव्या कुशीवर," तिने वाचलं. मावशीने वाकून पेशंट डाव्या कुशीवर आहे हे पुन्हा बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून दहाच वाजलेत ना म्हणून विचारून घेतलं आणि मग वर्तुळ काढलं. बारा वाजता तेच. दोन वाजता तेच. बाकी कुणाच्याही आद्याक्षरांपुढे ती न विचारता खूण करायची. सहा महिन्यांनी मी परीक्षेला बसायला वॉर्डातून निघाले, त्या सकाळचं माझं शेवटचं लिखाणही तिने आधी दुसरीकडून वाचून घेतलं.